कपाटातली चार गोळ्यांची स्ट्रिप

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या ताई ६४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत, राहायला नाशिकला पंचवटीत. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया वाळत घालताना प्लास्टिकच्या कागदात पाय अडकून त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी करायला लावली. कण्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा) उणे २.८ आला, खुब्याचा उणे २.२. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची अलेंड्रोनेटची गोळी लिहून दिली. ताईंनी ती त्याच दिवशी आणली, आणि गेले सहा आठवडे ती कपाटात आहे. त्या लिहितात, "शेजारच्या वहिनी म्हणाल्या, या गोळीनं जबडा सडतो. माझी तर एक दाढ काढायचीच आहे. शिवाय मला ॲसिडिटी. एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते म्हणतात. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन घ्या, कटकट नाही. पुण्याची बहीण म्हणते, नाचणी, तीळ आणि ती घेते ते चूर्ण पुरे. गुडघ्यांची झीज आहेच, त्यात आता ही झीज. सूनबाई रोज विचारते, आई, गोळी घेतली का, आणि मी चिडते. नुसतं कॅल्शिअम वाढवून वर्षभर थांबले तर नाही का चालणार? मी पडले म्हणून हाड मोडलं, कुणाचंही मोडलं असतं. माझी आई न्हाणीघरात पडून खुबा मोडून गेली, पण ती तर अठ्ठ्याहत्तरची होती."

ताई,

आईबद्दलचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी सुरुवात तिथूनच करते. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, हे काढायला डॉक्टर 'फ्रॅक्स' नावाचं एक गणित वापरतात. त्यात वय आणि वजन भरून झालं की एक रकाना येतो : याआधी तुमचं स्वतःचं हाड मोडलंय का? त्याच्या लगेच खाली दुसरा : आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? तंबाखू, स्टेरॉइड, दारू हे सगळे नंतर. तुमचं दोन्हीकडे 'हो' आहे.

आई अठ्ठ्याहत्तरची होती हे खरं. पण तिची हाडं काही त्या दिवशी न्हाणीघरात ठिसूळ झाली नव्हती. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-दहा वर्षांत बायकांची हाडं सगळ्यात वेगानं विरळ होतात, आणि आपल्याकडे पाळी जाते साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे तीसेक वर्षं ते चालू होतं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

आणि "मी पडले म्हणून मोडलं" हे वाक्य! तीस वर्षं दवाखाना चालवला, इतक्यांदा ऐकलंय की कुणी 'मी पड...' म्हटलं की पुढचं मीच पुरं करायचे. तुम्ही गच्चीवरून खाली पडला असतात तर मी मान डोलावली असती. तुम्ही गच्चीवर पडलात. उभ्या-उभ्या किंवा चालता-चालता पडून पोक्त माणसाचं हाड मोडलं, तर ते आधीच कमजोर झालेलं असावं असं धरून तपास करायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती पाळली. मनगट जुळलं, चला घरी, असं म्हणून विषय मिटवणारेच जास्त भेटतात.

आता त्या 'झीज' शब्दाचं. आपण मराठीत इथे मोठा घोटाळा करून ठेवलाय. गुडघ्यातली कूर्चा घासली गेली तीही झीज, मणक्यात 'गॅप' आली तीही झीज, आणि हाड आतून विरळ झालं तीही झीज. गुडघ्याचा आजार सांध्याचा, तो दुखतो, म्हणून आपण तेल, पट्टा, मालीश करत त्याच्यामागे धावतो. हाड आतून विरळ होण्याचा आजार, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाड मोडेपर्यंत एक शब्द बोलत नाही. तेव्हा ही गोळी घेऊन गुडघ्यांचं दुखणं थांबणार नाही, आणि दोन महिन्यांनी 'काही फरकच नाही' म्हणून ती सोडण्यातही अर्थ नाही. हिचा फरक जाणवत नसतो. जे मोडलं नाही ते कसं जाणवणार?

याच झीजेची आणखी एक गंमत. वयानुसार मणक्यांना हाडाचे जे जादा काटे फुटतात, ते डेक्साच्या मशीनला जास्तीचं हाड म्हणून दिसतात, आणि कण्याचा आकडा असतो त्याहून बरा येऊ शकतो. तरीही तुमचा उणे २.८ आलाय. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली. तुमचा खुबा रेघेच्या अलीकडे आहे, कणा पलीकडे. निदानाला यातला वाईट आकडा धरतात. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी : मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून जो आकडा हातात देतात, तो डेक्साचा नसतो. त्यावरून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका आणि तिथल्या तिथे औषधाचे डबे घेऊ नका.)

मग वर्षभर थांबायचं का? तुमच्याच पंचवटीतला एखादा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. हाडात रोज थोडं पाडकाम आणि थोडं बांधकाम चालूच असतं. एक टोळी जुनं हाड पोखरून काढते, दुसरी तिथे नवं भरते. साधारण दहा वर्षांत सगळा सांगाडा नवा होतो. पाळी गेल्यावर पाडणारे सुटतात आणि गवंडी मागे पडतात. कॅल्शिअम म्हणजे विटा. विटा नसतील तर गवंडी काय करणार, म्हणून त्या हव्यातच. पण दारात विटांचा ट्रक ओतला म्हणून पाडणारे थांबत नाहीत. त्यांना आवरायचं काम औषधाचं. बहीण चुकीचं सांगत नाहीये, अर्धं सांगतेय.

विटांचा हिशेब करून टाकू. तुमच्या वयाला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागतं, जेवण आणि गोळ्या सगळं मिळून. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून साधारण २४० मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे मध्यम भाकरीत पावणेदोनशे धरा. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, आंबवून आंबील केली तर जरा जास्त लागतं. दोन पेले दूध, वाटीभर दही आणि एक भाकरी रोज खरोखर पोटात जात असेल, तर वरून ५०० ची एक गोळी बहुधा पुरते. 'खरोखर' म्हणतेय, कारण दूध आणतो आपण घरासाठी आणि आपल्या वाट्याला चहातलं येतं. कॅल्शिअम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्यायचं. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी सांगायचं.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची सॅशे आता घरोघरी दिसते. रक्तात किती कमी आहे ते बघून काही आठवडे आठवड्याला एक, मग सहसा महिन्याला एक. काही जणी ती वर्षानुवर्षं दर रविवारी घेत राहतात, कारण थांबवा असं कुणी सांगितलंच नाही. जादा झालं की रक्तातलं कॅल्शिअम वाढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि बहिणीच्या चूर्णाच्या डब्यावर घटक छापलेले नसतील तर ते लांब ठेवा. सांधेदुखीला 'लगेच गुण' देणाऱ्या विनालेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडसारखं हाडं पोखरणारं दुसरं औषध शोधून सापडणार नाही.

औषध घ्यावं असं माझं मत आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण कोणतं, हे ठरवताना तुम्ही आणि शेजारच्या वहिनी एकच प्रश्न विचारताय : घेतल्यावर काय होईल? मी आणखी एक विचारायला सांगेन. हे औषध थांबवायची वेळ आली की काय होतं? हाडांच्या औषधांत खरा फरक तिथे पडतो, आणि पर्याय सांगताना नेमकं तेच राहून जातं.

तुमची अलेंड्रोनेटची गोळी बिस्फॉस्फोनेट कुळातली. अमेरिकेत तिला या आजारासाठी १९९५ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे तिचे गुणदोष भरपूर पाहून झालेत. ती हाडात जाऊन बसते आणि पाडणाऱ्यांना आवरते. हाडात बसते म्हणूनच ती बंद केल्यावरही काही काळ काम करत राहते. तुम्हाला वाटतंय तशी ती जन्मभराची नाही. साधारण पाच वर्षांनी थांबून बघायचं असतं : डेक्सा पुन्हा, शक्यतो त्याच मशीनवर, मधल्या काळात काही मोडलं का, खुबा कसा आहे. धोका कमी झाला असेल तर औषधाला सुट्टी देता येते. धोका मोठाच असेल तर पुढे चालू ठेवतात किंवा बदलतात.

तिचे नखरे मात्र आहेत. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही, दुसरी कुठली गोळी नाही, कॅल्शिअम तर नाहीच, नाहीतर ती अंगातच जात नाही. पुढे निदान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, पुन्हा पांघरुणात शिरायचं नाही, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे चट्टे पडतात. आपल्याकडच्या बायकांना हे अवघड जाऊ नये. वार धरून उपास करायची सवय आपल्याला आहेच, तसाच गोळीचा एक वार धरायचा. विसरलात तर आठवेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची, मग पुन्हा आपला वार. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

तुमच्या ॲसिडिटीचं स्वरूप मला कळायला हवं होतं. मिसळ खाल्ल्यावर जळजळतं, तेवढंच असेल तर (नाशकात ते कुणाला होत नाही?) गोळी घेऊन बघता येईल. पण घास छातीत अडकतो, गिळताना दुखतं, दुर्बिणीतून बघून अन्ननलिकेचा काही आजार सांगितलाय, असं असेल तर ही गोळी तुमची नव्हे. हे डॉक्टरांना सांगितलंत का? आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेत असाल तर तीही दाखवा, तिच्या दीर्घ वापराचा हाडं मोडण्याशी संबंध दिसलेला आहे.

गोळी नको असली तर त्याच कुळातलं झोलेड्रोनिक ॲसिड आहे. वर्षातून एकदा, ५ मिलिग्रॅम, सलाइनसारखं शिरेतून, पंधरा-वीस मिनिटं किंवा थोडं जास्त. पोटाचा प्रश्नच नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणके मोडण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं ४१ टक्क्यांनी कमी झालं होतं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालताहेत ते, बघावं लागतं, मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर हे देत नाहीत. ड जीवनसत्त्वही आधी भरून काढायचं. पहिल्या वेळी साधारण तिघींतल्या एकीला दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, कणकण होते. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि त्या आठवड्यात घरात लग्नकार्य धरू नका. पुढच्या वर्षी हा त्रास सहसा बराच कमी असतो. तीन वर्षांनी इथेही थांबून आढावा घेतात. तुमची ॲसिडिटी खरोखरीची निघाली तर माझा कल याच्याकडे राहील.

आता ते 'कटकट नाही' वालं सहा महिन्यांचं इंजेक्शन. ते डेनोसुमॅब असणार, ६० मिलिग्रॅम, कातडीखाली. औषध चांगलं आहे, मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांना तर अनेकदा तेच सोयीचं पडतं. पण ते हाडात साठून राहत नाही. त्याचा अंमल सहा महिन्यांत उतरतो, आणि पुढचं इंजेक्शन घेतलं नाही तर दाबून धरलेली पाडणारी टोळी दुप्पट जोरानं कामाला लागते. कमावलेलं हाड जातं, आणि काही जणींचे एकामागून एक मणके दबतात. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी दोन इंजेक्शनं घेऊन मुलाकडे अमेरिकेत गेल्या, तिथे नातवंडांत रमल्या, तिसरं राहिलं. परत आल्या त्या पाठीला पट्टा बांधून. त्यांना तारीख सांगितली होती, पण ती चुकली तर काय होतं हे सांगितलेलं नव्हतं. हे इंजेक्शन घ्यायचं तर महिनाभरही मागे-पुढे रेंगाळायचं नाही, आणि थांबवायचं तर त्याच्या जागी दुसरं, सहसा बिस्फॉस्फोनेट, द्यावं लागतं. तुम्ही जन्मभराला घाबरताय ना? मग तुमच्या पुढ्यातल्या पर्यायांत सोडायला सगळ्यात अवघड हेच आहे.

बाकीची नावं कानावर पडतील म्हणून सांगते. टेरिपॅराटाइड गवंड्यांना कामाला लावतं. रोज स्वतः टोचायचं पेन, सहसा दोन वर्षांपर्यंतच, आणि मग मिळवलेलं टिकवायला बिस्फॉस्फोनेट. मणके आधीच मोडलेत किंवा टी-स्कोअर फारच खाली आहे, अशांसाठी हे आधी देण्यात अर्थ असतो. रोमोसोझुमॅब त्याहून नवं, वर्षभर महिन्याला एकदा, पण नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत. रॅलॉक्सिफीन कण्याला उपयोगी, खुब्याला नाही, आणि रक्ताच्या गाठींची भीती. पाळी गेल्यानंतरची हार्मोन्स पन्नाशीतल्या बाईसाठी विचारात घेता येतात, चौसष्टीत नव्यानं सुरू करत नाहीत.

जबड्याकडे येते. वहिनींनी ऐकलेलं खोटं नाही. बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब घेणाऱ्या काहींना दात काढल्यावर जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. पण अशा बऱ्याचशा घटना कॅन्सरच्या रुग्णांतल्या आहेत, जिथे हीच औषधं कितीतरी जास्त आणि वरचेवर देतात. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हे वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकं क्वचित होतं. आणि तुम्हाला तर मार्ग मोकळा आहे : दाढ आधी काढून घ्या. जखम भरून आली असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की औषध सुरू. त्यासाठी चार-सहा आठवडे थांबणं रास्त आहे. पण तुमचे सहा आठवडे दाढ न काढताच गेले, ताई. पुढे दातांच्या कुठल्याही कामाआधी हे औषध चालू असल्याचं सांगायचं, आणि ते स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही.

दुसरा क्वचितचा त्रास मांडीच्या हाडाचा. बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं ते हाड फारसं काही न होता मोडतं. त्याआधी काही आठवडे किंवा महिने मांडीत नाहीतर जांघेत मुका ठणका लागू शकतो. तसं झालं तर गुडघ्याचंच दुखणं असेल म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

डॉक्टरांकडे परत जाल तेव्हा हाडं विरळ व्हायला दुसरं काही कारण आहे का, हे तपासलंय का ते विचारा : कॅल्शिअम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, रक्ताची साधी तपासणी, गरज वाटली तर पॅराथायरॉइड. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तरी हाडं झिजतात. आणि तुमची उंची मोजा. शाळेच्या नोकरीच्या कागदांत जुनी उंची कुठेतरी असेलच. चारेक सेंटिमीटर कमी झाली असेल किंवा पोक येऊ लागला असेल तर कण्याचा बाजूनं एक्स-रे काढायला सांगा. मणके न दुखता, न कळता दबतात, आणि तसा एखादा आधीच दबलेला निघाला तर औषधाची निवडच बदलेल.

चालायला जाता का? गोदापार्कला किंवा गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर जात असाल तर जा, पण नुसत्या चालण्यानं भागत नाही. पायांत ताकद आणि तोल हवा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, हे भाजी शिजेपर्यंत होतं. योगवर्गात कंबरेतून पुढे वाकायची आसनं चालू असतील तर कण्याचा एक्स-रे होईपर्यंत ती सोडा. रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकटीनं उतरू नका. वणीला जाल तेव्हा पायऱ्यांचा हट्ट नको, ट्रॉली आहे, देवी रागावत नाही. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा राहू द्या. आई तिथेच पडली होती.

या आठवड्यात दाढ. ती भरून येईपर्यंत रक्त, उंची आणि ॲसिडिटीचं बोलणं. गोळीचंच ठरलं तर त्या कपाटातल्या स्ट्रिपवरची मुदत बघून घ्या आणि एक वार धरा. सूनबाईंना म्हणावं, रोज विचारू नकोस, फक्त त्या वारी माझा चहा अर्धा तास उशिरा टाक.